येतील आणि येऊ शकतील

बाबा, तुमची सून रोज विचारते, व्हिसाचं काय झालं, पोरीला घेऊन कुवेतला कधी येऊ. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, म्हणून तुम्ही तिला पाहिलेलं नाही, नातीलाही नाही. मी इथे सलवा भागात एक खोली भाड्याने घेतली आहे, खिडकीला जाळी बसवली आहे, आणि त्याच खोलीत बसून मी घाबरतो. आकाशातून काही आलं तर तीन वर्षांच्या पोरीला उचलून तळघरापर्यंत किती पायऱ्या उतराव्या लागतील, ते मोजून ठेवलं आहे. अठ्ठेचाळीस. परवा सायरनची नुसती चाचणी होती, तशी सूचनाही आधी आली होती, तरी मी तळघरापर्यंत उतरून गेलो.

मी सुलैबियातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. नववीत तुम्ही मला शाळेतून काढलंत आणि त्याच आठवड्यात बाजारातून जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणून दिलात. त्यावरच आज माझं पोट भरतं. गेल्या आठवड्यात एका चर्चासत्राची पुस्तिका आली. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या देशांची जी मोठी लष्करी युती आहे, तिने यापुढे काय करायचं, यावर. फक्त आपलं घर राखायचं, की इथल्यासारख्या लांबच्या भागीदारांसाठीही धावायचं? मी ती चुकांसाठी वाचायला घेतली आणि आमच्यासाठी वाचत बसलो. मल्याळी मॅनेजर दोनदा डोकावून गेला. "भाई, तुम स्पेलिंग देखो. दुनिया हम बाद में देख लेंगे."

एका पानावर लिहिलं होतं, सदस्यावर हल्ला झाला तर बाकीचे मदतीला येतील. त्याच्याच खाली, भागीदारावर झाला तर येऊ शकतील. मला वाटलं, टाइप करताना चूक झाली. लाल पेनाने खालचं वाक्य वरच्यासारखं केलं आणि चर्चासत्रवाल्यांकडून पुस्तिका बघायला आलेल्या म्हाताऱ्या साहेबांना दाखवलं. ते हसले. म्हणाले, "पोरा, या एका शब्दावर आमची माणसं दोन दिवस भांडली आहेत. तो आहे तसाच छाप."

मग तुम्ही आठवलात. रापणीचं जाळं ज्याच्या मालकीचं, त्याने स्वतःचा ट्रॉलर घेतला ते वर्ष. अख्ख्या गावाने मिळून ओढायचं जाळं ते, म्हणून तुम्ही सगळे त्याला विचारायला गेलात, यंदा येणार की नाही. तुम्ही परत येता, चुलीपाशी बसता, ताट पुढे ओढत नाही. आई विचारते, "काय म्हनता तो?"

"बघूया म्हनता."

मी मध्येच तोंड घालतो, "मगे नाय खय म्हनता?"

तुम्ही माझ्याकडे बघता. "बुकां वाचतस ना रे? बघूया म्हंजे काय, ता बुकात नाय?"

त्या हंगामात आपल्या किनाऱ्यावर रापण ओढली गेली नाही.

पुस्तिका आहे तशी छापून गेली. कुठेही चूक राहिली नाही, मी चारदा बघितलं. कुणी येणार की नाही, हे एवढ्या मोठ्या लोकांनाही सांगता येत नाही, आणि मला तर एकाच माणसाला लिहायचं आहे, ये किंवा येऊ नको. तेवढंही होत नाही. बाबा, तिचा आणि पोरीचा व्हिसा येऊन आठ दिवस झाले. अजून आला नाही, असं मी तिला सांगितलं आहे.