आईला हसवणारी मालिका

दादा, काल दुपारी आई हसली. नुसती ओठांत नाही, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, पदराने तोंड दाबून. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी ही बातमी सांगायला मला बापाशिवाय दुसरं कुणी सुचेना, म्हणून लिहायला बसले.

झालं असं, की दिवाळीनंतर आई तेलगावच्या घरात न्हाणीपाशी घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. मी तिला इथे बीडला माझ्याकडे आणलं, काठी धरून ती चार पावलं टाकायलाही लागली. पण बोलणं मात्र आटलं. 'भाकरी देऊ?' 'दे.' 'पडतेस का जरा?' 'पडते.' एवढंच. दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायची. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता मन रमवा. माझ्यासोबत नेकनूरच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, 'टीव्हीवर काहीतरी हलकंफुलकं लावा की त्यांना.' मला वाटलं, हे तर सोपंच आहे.

दादा, सोपं नाही हो. तुमच्या वेळी लागेल ते बघायचं. आता ढिगाने मालिका आहेत आणि निवांत हसावं अशी एक सापडत नाही. पहिली 'विनोदी' म्हणून लावली, तर पाचव्या मिनिटाला मयत. आई म्हणाली, 'ह्यात माणूस मेला की गं.' मी म्हटलं, 'आई, विनोदी हाय ते.' 'मेलेल्याला सांग,' म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे वळली. दुसरीत सगळे एकमेकांच्या थोबाडीत मारत होते आणि मागून हसण्याचे आवाज येत होते. 'कोण हसायलंय हे? दिसंना तर कुणीच.' तिसरी परदेशी, हिंदीत बोलणारी, लई चांगली म्हणून ऐकलेली. त्यातली दोघं सारखी अशी जवळ यायची, की रिमोट शोधता शोधता मी सतरंजीवर चहा सांडला. तीन आठवडे माझा हाच उद्योग. बसमध्ये वह्या तपासायच्या सोडून मी मालिकांच्या याद्या वाचत बसायची.

आणि शोधताना सारखे तुम्ही आठवायचात. परळीच्या वीजकेंद्राचं आपलं क्वार्टर. तुम्ही ड्यूटीवरून येता, मोरीत तोंड धुता, पाणी कोळशाने काळं वाहतं. मग चटईवर मांडी घालून टीव्हीपुढे बसता. समोरचा विनोद पुरा व्हायच्या आतच तुमचं हसणं सुरू, मांडीवर थापा, पलीकडच्या तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आवाज. मी दहावीत होते, मला लाज वाटायची. एकदा धीर करून म्हणाले, 'दादा, हळू हसा ना, लोक ऐकतात.' तुम्ही टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे वळलात. 'ऐकू दे की. हसायलोय, चोरी करायलोय व्हय?' तेवढं बोलून पुन्हा हसायला लागलात. मी मात्र पुढे आयुष्यभर तोंडावर हात ठेवूनच हसत आले, वर्गातसुद्धा. आई तेव्हा आत भाकरी थापत असायची. ती कधी बाहेर येऊन बसली नाही. तिला हे असलं आवडत नाही, असंच मी धरून चालले होते.

काल रविवार. चौथी की पाचवी, जी कुठली हाताला लागली ती मालिका लावली. दोन म्हातारे शेजारी. एकाची कोंबडी दुसऱ्याच्या अंगणात अंडी घालते. अंडं कुणाचं यावरून भांडत दोघं तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेतात, म्हणतात, हिने दाणे कुणाचे खाल्ले ते लिहून द्या. डॉक्टर शांतपणे चष्मा पुसतो, पिशवीत डोकावतो आणि कोंबडीलाच विचारतो, 'तुमचं काय म्हणणं आहे?'

मला काय झालं कोण जाणे. मी इतक्या जोरात हसले की मांडीवर थाप कधी पडली तेही कळलं नाही. थांबले तेव्हा बघते तर आई टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते. 'अगं बाई, बापावानीच हसतीस की गं! तसंच, मांडी बडवून!' आणि मग ती जी सुटली!

दम खाऊन झाल्यावर मी विचारलं, 'तू तर कधी बघायला येत न्हवतीस.'

'मला कुठं त्यातलं कळायचं? मी तव्यापाशी बसून ह्यांचं हसणं ऐकायची. लई भाकरी करपल्या माझ्या त्यापायी.'

दादा, तुम्ही खाल्ल्यात त्या करपलेल्या भाकरी, एका शब्दानेही काही बोलला नाहीत. तुम्हाला ठाऊक होतं का? मग दिवेलागणीपर्यंत आई बोलत होती. तुम्ही लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हसलात आणि भटजींनी डोळे वटारले, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. जेवताना तिने आपण होऊन दुसरी भाकरी मागून घेतली. वर म्हणाली, 'उद्या बी लाव ती कोंबडी.'

तो उद्या आज आहे. आत्ताच शाळेतून आले, चहा ठेवलाय, आईने आतून दोनदा हाक मारली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, वहीतच राहील. फक्त एक कबूल करून टाकते. येताना बसमध्ये मला राहवलं नाही, पुढचे दोन भाग मी मोबाईलवर एकटीनेच बघून टाकले. आता तिच्याशेजारी बसून पहिल्यांदाच बघतेय असं दाखवणार आहे. तिला सांगू नका.