चेलो, माझा पट्टा आणि हट्टी सुतार

ती. ताईंना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? साडूभाऊंचा खोकला थांबला असेल (नसेल तर सिगारेटही थांबली नसणार, हे मी इथूनही सांगू शकतो). आम्ही दोघं ठीक आहोत. चेलोही ठीक आहे. त्याची तब्येत आमच्याआधी विचारायची असते.

‘जगविख्यात वादिकेने सभागृह जिंकले’ हे कात्रण पाठवलं आहेच. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त माझ्या पट्ट्याचा उल्लेख राहिला, म्हणून हे पत्र.

झालं असं. चेलोच्या, म्हणजे आमच्या त्या माणसाएवढ्या व्हायोलिनच्या, बुडाला एक लोखंडी दांडी असते. तिचं टोक लाकडात रुतवलं नाही, तर वाजवता वाजवता वाद्य पुढे घसरतं. एकतीस वर्षं आमच्या हिने देशोदेशीच्या रंगमंचांना भोकं पाडली, कुणी हूं की चूं केलं नाही. इथल्या सभागृहाचा सुतार मात्र वेगळाच निघाला. नव्या फळ्या त्याने स्वतः रंधा मारून आठवड्यापूर्वीच बसवलेल्या. तो हात पसरून आडवा आला.

“बाई, एक टोचा पडला तरी मी इथेच झोपेन. मग माझ्यावर बसून वाजवा.”

सतरंजी आणली, तर तीच वाद्यासकट घसरायला लागली. व्यवस्थापक सापडेना. पडदा उघडायला चार मिनिटं उरली, तेव्हा हिने माझ्याकडे पाहिलं. ही नजर मी सत्तावीस वर्षं ओळखतो (विमानात खिडकीची जागा चेलोला आणि मधली मला, हे पहिल्यांदा सांगताना तीच होती).

“पट्टा काढा.”

पट्ट्याचं एक टोक खुर्चीच्या पायाला बांधलं, दांडीला रबरी बूच लावून ती बक्कलात अडकवली. चाळीस मिनिटं चेलो तसूभर हलला नाही. मी विंगेत दोन्ही हातांनी विजार धरून उभा. शेवटी अख्खं सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. शेजारी सुतार डोळे पुसत होता.

“तुम्हाला आवडलं नाही का?” तो मला रागाने म्हणाला.

तर ताई, हे असं आहे. सत्तावीस वर्षं हा चेलो मीच पाठीवर वाहतोय; बासरीवालीशी लग्न केलं असतं, तर आज माझी पाठ सरळ असती.

आपला नम्र,
(चेलोवाल्या बाईंचा) नवरा

ता. क. : हिच्या डाव्या हाताची करंगळी सकाळी वाकत नाही. डॉक्टर म्हणतात, जपून वाजवलं तर अजून बरीच वर्षं जातील. पण ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ असं कुणी म्हणण्याआधीच थांबायचं हिच्या मनात आहे. पुढच्या वर्षीचे सगळे कार्यक्रम रद्द केल्याचं पत्र लिहून हिने ते टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आहे.

ता. ता. क. : ते माझ्या कोटाच्या खिशात आहे. ही फक्त तुमचंच ऐकते. फोन करा, मी सांगितलं म्हणू नका. ही घरी बसली, तर मी रोज उठून उचलू काय? मंगळवारपर्यंत वेळ आहे. बुधवारी ही कोट धुवायला देते.