मुस्योंच्या वर्गातल्या दोघी

६ जून

प्रिय पोपटबाई ऊर्फ आमच्या वहिनीसाहेब,
स. न. वि. वि.

नमस्कार नात्यापुरता. कॉलेजात तुझ्या वेणीला बाकाशी गाठ मारणारी मीच, हे तू दादाला अजून सांगितलं नसशील अशी आशा आहे.

बातमी मोठी आहे. आमच्या संग्रहालयात परदेशातल्या एका संस्थेचं पत्रक आलं आहे. जुनी कापडं कशी जपायची, कशी दुरुस्त करायची, याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. राहण्याजेवण्याची सोय त्यांची. आपल्या देशातून जागा मात्र एकच, परीक्षा नोव्हेंबरात. मी अर्ज टाकला. तू दोन वर्षं माझ्या शेजारी रफू करून लग्न केलंस आणि सुटलीस. मी अजून त्याच तळघरात, त्याच दिव्याखाली बसते. वरच्या मजल्यावर ऊन असतं, असं ऐकून आहे.

अडचण अशी की तिथे सगळं फ्रेंचमध्ये शिकवतात आणि माझं फ्रेंच पार गंजलं आहे. काल व्याकरणाचं जुनं पुस्तक काढलं तर वाळवीने नेमका भविष्यकाळ खाल्लेला. इथे शिकवणारं कुणी नाही, म्हणजे घरीच घोकायचं. कॉलेजात आपल्या फ्रेंचच्या सरांच्या, मुस्योंच्या, वर्गात पहिली तू यायचीस. कुठून सुरुवात करू ते सांग.

आईला नमस्कार, चिऊला पापा. लोभ आहेच, त्यात या खेपेला थोडी विद्या मिसळून पाठव.

तुझी,
ठकी


१७ जून

प्रिय वन्संबाईंना,
स. न. वि. वि.

भविष्यकाळ वाळवीने खाल्ला हे वाचून मी एवढी हसले की सासूबाई बाहेरून बघायला आल्या. वर्तमानकाळावर भागव. आम्ही तेच करतो.

आता नीट ऐक. नाम कधी एकटं पाठ करू नकोस, त्याचं लिंग बरोबर घेऊनच कर. तिकडे चंद्र बाई आहे आणि टेबलसुद्धा बाई; का, ते विचारायचं नाही. रोज एक पान मोठ्याने वाच, दार लावून आणि लाज सोडून. सोबत पाठवलेल्या कॅसेट ऐकत लिहून काढ आणि मग पुस्तकाशी ताडून बघ. आकड्यांना घाबरू नकोस. ते ऐंशीला चार विसा म्हणतात, आपली जुनी माणसंही तसंच मोजायची. दर आठवड्याला मला फ्रेंचमध्ये एक पत्र लिही. लाल पेनाने तपासून परत करीन.

माझंही गेलंच असेल असं वाटत होतं. परवा कुकरच्या शिट्ट्या मोजताना आपोआप फ्रेंचमध्ये मोजायला लागले. आई कुकरला रागावते आहे असं चिऊला वाटलं. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, उद्यापासून दूधवाल्याशीही फ्रेंचच बोल, निदान घासाघीस तरी थांबेल. सगळे हसले. मीही हसले. पण ठके, इतक्या वर्षांनी तोंडात ते आवाज आले आणि मी गॅस बंद करायचा विसरून मोजतच राहिले. कारण मला सांगता येणार नाही.

लोभ वाढता ठेव, शब्दसंग्रहही.

तुझी,
वहिनी


९ ऑगस्ट

प्रिय पोपटबाई,
स. न. वि. वि.

तुझ्याकडून परत येणारी माझी पत्रं गोवर उठल्यासारखी दिसतात. तरी गेल्या खेपेला गोवर जरा उतरणीला लागला होता, हे तूही मान्य करशील. सकाळी चहा उकळेपर्यंत धातू चालवते, दुपारी डब्यानंतर कॅसेट. तळघरात माझ्याशिवाय कुणी नसतं, त्यामुळे मोठ्याने बोलायला हरकत नाही. पहारेकरी एकदा डोकावून गेला आणि तेव्हापासून फार अदबीने वागतो.

आमच्या साहेबांनी परवा तुझी चौकशी केली. म्हणाले, रेशमावर तसा हात पुन्हा या विभागात आला नाही. तुझी इथली दोन वर्षं धरली तर तूसुद्धा परीक्षेला बसू शकतेस, असंही म्हणाले. मी म्हटलं, मग बसवाच तिला. खरंच, टाक अर्ज. दादा चिऊच्या वेण्या घालतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आणून मी दिवसभर हसत होते.

राग नसावा, लोभ असला की पुरे.

तुझी,
ठकी


२ सप्टेंबर

प्रिय ठकी,
स. न. वि. वि.

मी अर्ज टाकला.

तू गमतीत लिहिलंस हे कळत होतं. तरी ते वाक्य आठ दिवस माझ्या मागे मागे फिरत राहिलं. मग साहेबांना पत्र घातलं आणि त्यांनी दाखला पाठवला. माझा नंबर लागणार नाही, हे मी धरूनच चालते. तुझा बारा वर्षांचा अनुभव कुठे आणि माझी दोन वर्षं कुठे. पण एकदा बसून बघायचं आहे. कॉलेजनंतर मला कुणी काही विचारलेलं नाही. मीठ किती घालू, हे सोडून.

घरी कुणाला ठाऊक नाही. परीक्षेला येईन ती तुझ्याकडे चार दिवस राहायला म्हणून येईन. चुकून काही झालंच, तर ह्यांना माझ्या तोंडाने, मन बघून सांगेन. चिऊला माझी आई वर्षभर आनंदाने सांभाळेल, तिला हळूच विचारून ठेवलं आहे. तोवर ही गोष्ट तुझ्यामाझ्यात राहू दे. दुसऱ्या कुणावर मी इतका भरवसा ठेवला नसता.

तुझी पत्रं तपासणं चालूच राहील. उलट आता माझाही अभ्यास होतो.

माया आहे तशी राहो.

तुझी,
वहिनी


१४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

पत्र पावलं. छान केलंस. एका जागेला घरातल्याच दोघी म्हणजे जागा घराबाहेर जायला नको.

मी मात्र यापुढे पत्रं तपासायला पाठवणार नाही. तुला दोन घरचा अभ्यास कशाला. माझं मी बघेन. इथे मला दुसरं काम तरी काय आहे? ना घर, ना मूल.

कामात आहे म्हणून थोडक्यात. लोभ असू द्यावा.

ठकी


२९ नोव्हेंबर

प्रिय ठकी,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचले. चार दिवस तू फार केलंस. परीक्षेच्या आदल्या दिवशी माझी साडीसुद्धा तूच इस्त्री केलीस, ते मी विसरणार नाही.

तोंडी परीक्षेचं मनाला लावून घेऊ नकोस. परीक्षा घेणाऱ्या त्या फ्रेंच बाई बोलतच इतक्या भरभर होत्या की कुणीही अडखळलं असतं. मला त्यांनी विचारलं, फाटलेलं कापड पूर्ववत करता येतं का. मी म्हटलं, नाही, फक्त अजून फाटणार नाही एवढं करता येतं. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मी बोलतच सुटले. रेशीम कसं आधी घडीवर तुटतं, सुई कुठे घालायची नाही, सगळं फ्रेंचमध्ये. बाहेर आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. तू जिन्यात बसली होतीस. माझा आनंद तेव्हा दाबायला हवा होता, हे गाडीत बसल्यावर सुचलं.

निकाल काहीही लागो, आपलं आपण बिघडू द्यायचं नाही.

तुझी,
वहिनी


२० डिसेंबर

तीर्थरूप आईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याला शेक चालू ठेव. मी बरी आहे.

आई, हे पत्र लिहू की नको या विचारात दोन दिवस गेले. वहिनीने परदेशी शिकायला जायची परीक्षा दिली आहे. इथे आली होती ती त्यासाठीच. तिचं नाव पहिलं लागलं. माझं दुसरं. माझं मला काही नाही, नशिबात असेल ते होईल. पण चिऊचा जीव केवढा, वर्षभर आईवाचून कशी राहणार? तिला आजोळी ठेवायचं, असं वहिनीने तिच्या आईशी परस्पर ठरवलं आहे. दादाला यातलं काहीही माहीत नाही. बाहेरून कळलं तर त्याला काय वाटेल, या काळजीने मला जेवण जात नाही.

वहिनी स्वभावाने वाईट नाही, तिला वाईट वाटेल असं कुणी बोलू नका. मी फक्त तुझ्या कानावर घातलं. दादाला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

पायांवर डोकं ठेवते. आशीर्वाद असावेत.

तुझी,
ठकी


११ जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

आईने मला सगळं सांगितलं. तू कळवलंस ते बरंच केलंस. घर आपलं आहे, तुला काळजी वाटणारच.

इथे चार दिवस फार वाईट गेले. आईने जेवण सोडलं. मी हिला एवढंच म्हटलं की जायचं तर जा, पण परत येताना या दाराशी येऊ नकोस. रागात बोललो. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी नकाराचं पत्र लिहून माझ्याच हाती दिलं आणि ते मी टाकलं. आता ती जागा तुझ्याकडे येईल. घरातलं कुणीतरी जातंय याचा आईला आनंद आहे. आता माघार घेऊ नकोस.

हिची तब्येत ठीक आहे. कामं सगळी वेळेवर करते. जेवायला मात्र सगळ्यांनंतर एकटी बसते, एवढंच. होईल हळूहळू.

जाण्यापूर्वी भेटून जा.

तुझा,
दादा


८ ऑक्टोबर

प्रिय पोपटबाई,
स. न. वि. वि.

निघताना भेटायला आले, तेव्हा तू चिऊला घेऊन माहेरी गेली होतीस, त्यामुळे भेट हुकली. इथून मी तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. रागावलीस का? आईला ते सगळं कुठून कळलं, याचा मीही खूप विचार केला. घरात अशा गोष्टी लपत नाहीत हेच खरं.

माझे हाल काय सांगू. खोली छपराखालची, खिडकीतून समोरची भिंत दिसते. वर्गात मुलं माझ्याहून दहा वर्षांनी लहान. बाई बोलायला लागल्या की पहिलं वाक्य कळतं, दुसऱ्यात मी पहिल्याचा अर्थ लावत असते, आणि तोवर तास संपतो. कॅसेटवरची माणसं किती सावकाश बोलायची. दुकानात पाव मागितला तर दुकानदार माझ्याशी खुणांनी बोलतो. तू इथे हवी होतीस, असं रोज वाटतं.

सहा पानी निबंध द्यायचा आहे. नापास झाले तर डिसेंबरात परत पाठवतील. सोबत पाठवते आहे. पूर्वीसारखा लाल पेनाने तपासून लगेच पाठव. तुझ्याशिवाय मला कोण आहे?

जुना लोभ आठव.

तुझीच,
ठकी


३० ऑक्टोबर

ठकीस,
स. न. वि. वि.

तुझी चारही पत्रं मिळाली. आईंना कुठून कळलं, याचा विचार तू आता करू नकोस. तुझ्या दादाने त्याच दिवशी तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं होतं. माझ्याबद्दल वाईट बोलू नका असं तू लिहिलं होतंस, तेही मी वाचलं.

मला राग येऊन गेला. आता एकच गोष्ट सलते. जागेचं पत्र आल्यावर तू मला नुसतं लिहिलं असतंस की मागे हो, मला जाऊ दे, माझ्याकडे दुसरं काही नाही, तर मी मागे झाले असते. रडले असते, दोन दिवस तुझ्याशी बोलले नसते, पण झाले असते. मग ती जागा मी माझ्या हाताने तुला दिली, असं झालं असतं. आता या घरात मी परवानगीशिवाय दाराबाहेर पडले की सासूबाई चिऊला जवळ ओढून घेतात. चिऊनेही परवा विचारलं, तू मला टाकून जाणार होतीस ना. तिला काय सांगायचं, ते मला कुठल्याच भाषेत येत नाही.

फ्रेंच मी सोडलं आहे. कुकरच्या शिट्ट्या मराठीत मोजते.

तुझा निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सगळ्या चुका दिसल्या. दुसऱ्या पानावरची तर अशी आहे की संपूर्ण अर्थ उलटा होतो. एकाही चुकीला हात लावलेला नाही. सहाही पानं सोबत परत पाठवते आहे.

यापुढे पत्र आईंच्या नावाने टाकावं. त्यांना तुझी ख्यालीखुशाली कळली की पुरे.

कळावे.

चिऊची आई