आठशे बारा आपली माणसं

८ नोव्हेंबर, शनिवार

तुळशीची लग्नं उरकली, आता माणसांची. ग्रुपवर सकाळपासून नऊ बायोडाटे. सात वर्षं झाली हा सोयरीक ग्रुप चालवतेय. शाळेतून रिटायर झाले तरी हजेरी घ्यायची खोड काही जात नाही. हे म्हणतात, "तुला पगार न्हाई अन् रजा बी न्हाई."

बायोडाट्याचा नमुना माझाच. सोळा रकाने, जन्मवेळेपासून सोयऱ्यांच्या गावांपर्यंत. एखादा रकाना रिकामा आला की मी परत पाठवते.

आज मयुरीचा टाकला. धाकट्या भावाची, बसूची एकुलती लेक, माझी लाडकी भाची. नांदेडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागून दीड वर्ष झालं, आता नाही बघायचं तर कधी? भरलेला नमुना तिला पाठवला तर म्हणते, "आत्या, माझा नंबर अन् खोलीचा पत्ता कशाला टाकायलीस? पप्पाचा नंबर हाय की." म्हटलं, पाहुण्यांना नांदेडातच भेटता येईल, उगाच चाकूरपर्यंत हेलपाटा नको. आणि परकं कोण आहे तिथं? सगळी आपलीच माणसं.

जांभळ्या इरकलीतला फोटो लावला. पोर छान दिसते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी मयुरीचा फोन. एका माणसाने तिला तीनदा फोन केला. स्थळ म्हणून बोलला. तिची जन्मवेळ सकाळी सहा चाळीस, हे त्याला पाठ. रक्तगट पाठ. तिने सांगितलं, पप्पाशी बोला. तर म्हणाला, "पप्पाशी बोलूच. तुमच्या खोलीसमोर गिरणी हाय ना, तिथं येतो संध्याकाळी."

मी म्हटलं, अगं मुलाकडचे असतील, उतावळे असतात काही. नाव विचारलंस का? तर सांगितलं नाही त्याने. फोन ठेवल्यावर मला जरा... पण भाकऱ्या करायच्या होत्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मयुरीने एक लिंक पाठवली.

इंटरनेटवर कुठल्याशा ओळखी जुळवायच्या साइटवर मयुरीचा फोटो. तोच, जांभळ्या इरकलीतला. नाव भलतंच, नंबर मात्र तिचा. आणि खाली जे लिहिलंय ते इथे उतरवायची माझी हिंमत नाही. सकाळपासून पन्नासेक फोन आले तिला. लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावतेय आणि खिशात फोन थरथरतोय. एकाने सरळ भावच विचारला.

रडली नाही. तेच जास्त लागलं मला. नुसतं म्हणाली, "आत्या, हा फोटो मी कुठंच टाकलेला न्हाई. कुठंच."

मला माहीत आहे कुठे टाकला होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिल्या गाडीने नांदेड. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मला काही दिसलं नाही. मयुरी स्टँडवर तोंडाला ओढणी बांधून उभी. ऊन नव्हतं, धूळ नव्हती. ओढणी का, ते विचारलं नाही मी.

पोलिसांच्या सायबरच्या खोलीत एक तरुण बाई होत्या, शांत. सगळं लिहून घेतलं. त्या फोनवाल्याचा नंबर घेतला. मग विचारलं, "हा बायोडाटा कुणाकुणाकडं गेला?"

"आपल्याच माणसांकडं."

"किती?"

फोन काढून बघितलं. आठशे बारा. त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "काकू, आठशे बारा आपली माणसं?"

सात वर्षांत हा आकडा मी मिरवत आले. आज खाली बघितलं.

त्या म्हणाल्या, नंबर कोणाचा ते काढू, साइटवाल्यांना फोटो काढायला लावू, वेळ लागेल. नंबर बदलायचा का म्हटलं, तर मयुरीच बोलली, "आधार, बँक, ड्यूटी, समदं या नंबराला हाय. मी का बदलू?" पोरगी ताठ आहे. रात्रीपुरती मैत्रिणीकडे राहायला गेली. गिरणीसमोरच्या खोलीत एकटं राहायचं नाही म्हणते.

१६ नोव्हेंबर, रविवार

बसूला कळलं. चाकूरहून फोन, आवाज बसलेला. "अक्का, मी तिला घरी घेऊन यायलोय. बस झाली नोकरी. हातात फोन दिला तिथंच चुकलं आमचं."

मी म्हटलं, तिची चूक नाही रे. "मग कुणाची हाय?"

दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. मी. शाळेत पोरांना खोटं बोलल्यावर छड्या दिलेली बाई.

१७ नोव्हेंबर, सोमवार

त्या फोनवाल्याचा नंबर ग्रुपच्या यादीत शोधला. आधी का नाही शोधला? भीती वाटत होती, हे खरं.

सापडला. श्रावणात आलेला. आणि त्याला आत घेणारी कोण, तर मी.

माझे आणि त्याचे मेसेज अजून आहेत. ग्रुपमध्ये घेण्याआधी मी प्रत्येकाला एकच विचारते: गाव कोणतं, सोयरे कोण. एवढं बरोबर आलं की माणूस आपला. सात वर्षांत मला हा दरवाजा फार पक्का वाटत होता. त्याने लिहिलं होतं: "गाव चाकूर. मामा उदगीरचे. आत्या नायगावला दिली. थोरली बहीण निलंग्याला." मी खाली लिहिलंय, "अहो मग तुम्ही आमचेच की." वर नमस्काराचे हात.

दुपारभर जुने बायोडाटे चाळले. उन्हाळ्यातल्या एका मुलीचा सापडला. सोळावा रकाना, सोयरे: मामा उदगीर, आत्या नायगाव, बहीण निलंगा. त्याच क्रमाने. कुणीतरी तो बायोडाटा बाहेर पुढे पाठवला असणार, तो याच्या हाती लागला, आणि त्यातली मामा-आत्या स्वतःची म्हणून सांगून हा आत आला. माझ्या प्रश्नाचं उत्तर मीच छापून गावभर वाटत होते. वर रकाना रिकामा आला तर रागावत होते.

ह्यांनी दोनदा चहाचं विचारलं, ऐकू आलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

त्याला ग्रुपमधून काढलं. पोलीसबाईंना फोन करून ते मेसेज पाठवले. म्हणाल्या, हे बरं झालं, कामाला येईल. पण त्याचं सिमकार्डही दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे. एका म्हाताऱ्या माणसाच्या. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही.

मयुरीचा बायोडाटा ग्रुपवरून पुसायला गेले. आता सगळ्यांकडून पुसला जात नाही, मुदत गेली. फक्त माझ्या फोनमधून गेला.

घरात मात्र धडाका. माझ्या फोनला नवा पासवर्ड, वर दुसरं कुलूप म्हणून सहा आकडी नंबर, चेहऱ्याचा फोटो अनोळखी माणसांना दिसणार नाही असा. ह्यांचा पासवर्ड म्हणजे स्वतःचं नाव आणि जन्मसाल. दोन्ही ग्रुपवर आहे, ह्यांच्या वाढदिवसाला मीच टाकलेलं. बदलायला लावला. अर्ध्या तासात नवा विसरले. "पहिलाच चांगला होता, ध्यानात तरी राहत होता." हसू आलं, आठवड्यात पहिल्यांदा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मयुरीला सगळं सांगितलं, फोनवर. त्याला मीच आत घेतलं, हे. मागे लॅबमधलं मशीन चालू होतं, त्याचा आवाज.

मग म्हणाली, "आत्या, पप्पाला सांगितलीस?"

नाही म्हटलं.

"मला इथून न्यायला निघालेत त्ये. माझ्यामुळं झालं वाटायलंय त्यांला."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चाकूर. बसू ओसरीवर सोयाबीनची पोती शिवत बसला होता. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती म्हणून गेले, आणि तिथे गेल्यावर तासभर दुसरंच बोलत बसले. शेवटी सांगितलं. नंबर नको म्हणत होती ती, तरी मी टाकला. पत्ता मी टाकला. त्या माणसाला मी आत घेतलं. पोरीने काहीएक केलेलं नाही.

त्याने दाभण खाली ठेवलं. "अक्का, तू?"

लहानपणी माझं बोट धरून शाळेत आलेला भाऊ. त्याचं ते "तू" कानातून जात नाही.

वहिनीने चहा आणला, त्याने कप तसाच ठेवला. निघताना म्हटलं, तिची नोकरी सोडवू नकोस. माझ्या चुकीची शिक्षा तिला नको. म्हणाला, "उद्या सांगतो. लोकं काय बोलायलेत तुला काय ठाव." लोकं म्हणजे ग्रुपवरचीच.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ग्रुपवर लिहिलं. कसलीही सारवासारव नाही. माझ्या चुकीने एक परका माणूस आत आला, एका मुलीला त्रास झाला, आजपासून मुलींचे नंबर, पत्ते, जन्मवेळा, फोटो कुणी ग्रुपवर टाकायचे नाहीत, टाकलेले पुढे पाठवू नयेत. सोळा रकान्यांचा नमुना मी रद्द केला आहे.

हात जोडलेले एकशे चार. पाच मिनिटांनी, माझ्या मेसेजच्या बरोबर खाली, अहमदपूरच्या एका गृहस्थांनी लेकीचा बायोडाटा टाकला. सोळाच्या सोळा रकाने, फोटो, नंबर. त्यांना फोन केला तर म्हणाले, "हाव ताई, वाचलं की. पण आमची न्हाई तशी."

बसूचा फोन नाही. मयुरीचा मेसेज: उद्या सकाळची ड्यूटी आहे, ब्याग भरू का डबा भरू? मी लिहिलं, डबा. बसूला न विचारता लिहिलं.

संध्याकाळी हदगावच्या एका बाईंचा मेसेज. ओळख नाही, कुठल्या तरी दुसऱ्या ग्रुपवरून माझा नंबर मिळाला म्हणे. "ताई, तुमच्याकडं लई स्थळं असतात म्हणून पाठवायले. मुलगी नोकरीला हाय, घराणं आपल्यातलं. कुणी असलं तर बघा."

सोबतचा बायोडाटा उघडला. जांभळी इरकल.