नानांच्या पथ्याचे एकवीस पदार्थ

१ जुलै, सकाळी ७
नानांना कावीळ झाली आहे. डॉक्टरांनी एकवीस दिवस तेल, तूप आणि तिखट बंद केलं असून बावीस तारखेला पुन्हा रक्त तपासायचं आहे. आई वहिनींच्या बाळंतपणासाठी सुरतेला गेली. निघताना तिने बजावलं, की बापाचा रिपोर्ट चांगला आला तरच पुण्याला जायचं. नाहीतर ती दिवाळीत परतेपर्यंत बोदवड सोडायचं नाही. एम.ए.चा प्रवेश निश्चित झाला आहे. पंचवीस तारखेपर्यंत हजर न झाल्यास वसतिगृहातली जागा जाते.
थोडक्यात, माझं भवितव्य वडिलांच्या यकृतावर अवलंबून आहे.
संकल्प : एकवीस दिवस, एकवीस साधे, हलके, रुचकर पदार्थ. अनुक्रमणिका तयार. बारावीला मराठी विषयात जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी एका पातेल्याला भिणार नाही.

२ जुलै
पदार्थ पहिला : मुगाची मऊ खिचडी, बिनफोडणीची. नानांनी ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, हे जेवन व्हय का भिंतीले लावाचा चुना? मी आहारशास्त्राच्या आधारे सविस्तर उत्तर दिलं. मनात. नानांसमोर माझा आवाज फुटत नाही.
दोन घास.

३ जुलै
दुधीचं सूप. म्हणाले, म्हशीले टाक. टाकलं. म्हशीनेही तोंड फिरवलं. म्हशीचं मत ग्राह्य धरण्याचं कारण नाही.

५ जुलै
अन्न आधी डोळ्यांनी खाल्लं जातं, असं वाचनात आलं होतं. म्हणून बीट व टोमॅटो वाटून लालभडक रस्सा केला. दिसायला थेट शेवभाजी. नाना पाटावर सरसावून बसले, भाकरी चुरली, पहिला घास घेतला. मग भाकरी खाली ठेवून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. डोळ्यांत पाणी होतं. बहुधा कौतुकाचं नव्हतं.

६ जुलै
ज्वारीच्या कण्या ताकात : एक घास. उकडलेलं कच्चं केळं : नुसतं पाहिलं. खताच्या दुकानातल्या काट्यावर नानांचं वजन केलं. पाच दिवसांत दोन किलो कमी. दुकानदार म्हणाला, काय व नाना, पोरगी उपाशी ठेवते का?
मी घरी येऊन देवघरासमोर बसले. काय मागावं ते सुचेना. अनुक्रमणिका देवापुढे ठेवली.

८ जुलै
चिंताजनक. सकाळी नानांनी पेपर घेतला आणि थेट निधनवार्तांचं पान उघडलं. बोट ठेवून एकेक गंधमुक्तीची, म्हणजे उत्तरकार्याची, जाहिरात वाचत होते. मृत्यूचे विचार येत असतील का? नंतर म्हणाले, मुक्ताईनगरले गंधमुक्ती शे, जाऊन येतो. अडवावंसं वाटलं, पण दुःखात सहभागी होणाऱ्याला अडवायचं कसं?
संध्याकाळी परतले. चेहरा शांत. ओट्यावर बसून पोटातून एक दीर्घ उद्गार काढला. एवढा शोक!

१० जुलै
आज दोंडाईचा. रेल्वेने. दिवंगत गृहस्थ नानांना आयुष्यात एकदाच भेटले होते, कापूस विकताना. तरी गेले. आजारपण माणसाला किती व्यापक करतं! परतल्यावर माझ्या भाताच्या पेजेला त्यांनी नावं ठेवली नाहीत. भूक नसल्याचं नम्रपणे सांगितलं. ही प्रगती आहे.

१२ जुलै
वजन : तीन किलो जास्त!! पेजेचा परिणाम इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं. डोळे अजून पिवळे आहेत. परंतु आमच्या ओट्यावर ऊनच तसं पडतं.
शेजारच्या लताकाकू म्हणाल्या, बाई बाई, तुह्या बापाचे गाल पाह्य कसे वर आले, बिनतेलाच्या खान्यानं! आणि पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना दुधीच्या सूपची कृती सुवाच्य अक्षरात लिहून दिली.

१४ जुलै
नानांचा पांढरा सदरा धुताना खिशाजवळ पिवळा-तांबडा डाग. साबणाने जाईना. गंधमुक्तीच्या विधीत हळद-कुंकू असणारच. विधींची माहिती मिळवायला हवी.

१६ जुलै
नाना आता जाहिरातींवर पेनने खुणा करतात. काहींना गोल, काहींवर फुली. ज्या कुटुंबांनी जेवणावळ टाळून शाळेला देणगी दिली, त्यांच्यावर हटकून फुली. नानांचा परंपराभिमान मला ठाऊक नव्हता.

१८ जुलै
बॅग भरली. आईला फोनवर सांगितलं, वजन वाढतंय. आईने विचारलं, तुह्या हातचं खाऊन? मी हो म्हटलं. आई म्हणाली, खरं सांग. मी पुन्हा हो म्हटलं. स्वतःच्या पोटच्या मुलीवर इतका अविश्वास!

२० जुलै

एकट्याने इतकं दुःख सोसू नये म्हणून आज नानांबरोबर गेले. मुक्ताईनगरजवळचं खेडं. मांडवात शिरताच झुलालभाऊ नावाचे वाढपी ओरडले, आले का नाना! बसा, तुमच्याकरता वांग्याच्या भाजीची वरची तर्री काढून ठुली!
नानांनी मागे वळून पाहिलं नाही. चार तळलेल्या बट्ट्या कुस्करल्या. वर वरण, त्यावर तर्री. तुपाचं भगुणं पंगतीत फिरू लागलं. मी बायकांच्या बाजूला उभी. मध्ये शंभरेक पुरुष. हाक मारायला तोंड उघडलं. हाक आली नाही. शेवटी वहीचं पान फाडून लिहिलं, ‘नानांना तूप वर्ज्य’, आणि झुलालभाऊंकडे पाठवलं.
त्यांनी ते मोठ्याने वाचलं. शेजारच्याला विचारलं, वर्ज्य म्हंजे काय रे?
तो म्हणाला, वर ज्यादा.
दोन पळ्या. मग आणखी एक, पोरीनं एवढं लिहून पाठवलं म्हणून.

२१ जुलै
काल परतताना एसटीत नानांना विचारलं, असं किती वेळा झालं? म्हणाले, पयल्यांदाच. झुलालभाऊ काहीतरी वेगळं म्हणाले असतील. मांडवात गोंगाट होता. एका दिवसाने रिपोर्ट बिघडत नाही. बॅगेत पांघरूणही ठेवलं.

२२ जुलै, दुपारी १
बिलिरुबिन सहावरून अकरावर. डॉक्टरांनी नानांना जळगावला लगेच दाखल करून घेतलं. विचारलं, काय खाता? नाना म्हणाले, पोरगी देते तेच. नजर पायांकडे.
डॉक्टर माझ्याकडे वळले. शिकलेल्या दिसता, म्हणाले. वडिलांना मारायचं आहे का?
सगळं सांगायचं होतं. वाक्य जुळवलंही होतं. नर्स ऐकत होती, शेजारच्या कॉटवरचे लोक ऐकत होते, आणि नाना चादरीचं टोक चुरगळत होते. मी म्हटलं, चुकले.

२५ जुलै
नाना दवाखान्याची पातळ खिचडी तीन दिवसांपासून निमूट संपवतात. नर्स कमरेवर हात ठेवून उभी असते. आज वाटी खाली ठेवून म्हणाले, तू डॉक्टरले सांगितलं का नही व? मी म्हटलं, सांगून काय झालं असतं? ते भिंतीकडे तोंड करून निजले. मग तसेच म्हणाले, तुले पुन्याले जायाचं व्हतं ना.
चार वाजता जिन्यात उभी राहून वसतिगृहाला फोन लावला. अर्ज पाठ केला होता : वडिलांच्या प्रकृतिअस्वास्थ्यामुळे, विनंतीपूर्वक, सहानुभूतीपूर्वक. पहिल्याच वाक्यात कारकूनबाईंनी विचारलं, आज येताय का नाही? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग जागा पुढच्या मुलीला देते.
मी त्यांचे आभार मानले.