बाबांची पांढरी पट्टी

रविवार, उपासनेनंतर

प्रिय दादा,

सलाम. वहिनीला आणि मुलांना माझी आठवण सांग. इकडे सगळं ठीक. आईही ठीक आहे. चर्चचं छप्पर गळायचं थांबलं, ऑर्गन मात्र अजून सर्दी झाल्यासारखा वाजतो.

तुझं पत्र मिळालं. माझ्या पाळकपदाच्या दीक्षेला यायला तुला सवड नव्हती, पण एवढं लांबलचक पत्र लिहायला मिळाली, हेही नसे थोडके. बाईच्या गळ्यात बाबांची कॉलर शोभत नाही, ती थोरल्याकडे पाठव, असं तू लिहितोस. शिवाय पाळक झाल्यापासून माझी कॉलर फार ताठ झाली आहे म्हणे. अरे, पाळकाची कॉलर ताठच असते. वाकायचं काम मानेचं.

ते पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, पाठव, पण आधी उलटी करून बघ.

या पत्रासोबत पाठवली आहे, तूही बघ. काळ्या शर्टाच्या गळ्यात सरकवायची ती पांढरी पट्टी, तिच्या आतल्या बाजूला निळ्या अक्षरांत 'लिंबाच्या ताकदी' एवढं वाचता येतं. पुढचं कात्रीत गेलं. भांड्यांच्या साबणाची बाटली आहे ती, दादा. बाबा खरी पट्टी सारखी हरवायचे आणि घंटा होईपर्यंत घर डोक्यावर घ्यायचे. मग आई गुपचूप मोरीतली बाटली रिकामी करून नवी कापून द्यायची. हीच गळ्यात घालून बाबांनी तुझं लग्न लावलं. देवानं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा खुशाल काचेच्या चौकटीत लाव.

माझ्यासाठी आईनं दुसरी कापली, अंथरुणात बसून. कात्री दोघींनी मिळून धरली, कारण तिचे हात आता थरथरतात. वर ती ठीक आहे असं लिहिलं, ते खोटं आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. तुला कळवायचं मी टाळत होते, कारण कळलं की तू तुझा पाळकाचा झगा इस्त्री करून येशील आणि अंत्यविधी मीच करणार, तू बाजूला हो, असं मला म्हणशील.

मी बाजूला होणार नाही. पट्टी माझ्या गळ्यात सरकवताना आई म्हणाली, "माझ्या मातीला तूच उभी राहा. थोरल्याला सांग, तू नुसता रडायला ये."

तेव्हा ये. ती माणसं ओळखते आहे तोवर ये. झगा घरी ठेव. पहिल्या बाकावर तुझी जागा राखली आहे, मुलाची.

तुझी धाकटी,
आईची पाळक