गाठ ओली करून ओढावी

बेलापूर,
रविवार, १७ नोव्हेंबर १९६३

चि. वामन,

तुला, सौ. सुमित्राला आणि मुलांना आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालते.

हे पत्र लिहिणे भाग पडले, कारण तू घराच्या विक्रीच्या कागदावर सही आणायला पाठवलेला कमळाकर काल मला नको त्या वेळी येऊन भेटला. उद्या पहिल्या एस.टी.ने तो निघेल आणि पुण्यात पाय ठेवताच तुला सांगेल, की अक्का शेजारच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात एका ओट्यावर पाय पसरून, मासे धरायचा दोर दातात धरून बसली होती. ते खरे आहे. त्याच्याकडून अर्धवट ऐकण्यापेक्षा माझ्याकडून सगळे वाच. पत्र त्याच्याच हाती देते आहे. पाकीट नीट चिकटवले आहे. वाटेत उघडले तर तुला कळेल, आणि त्यालाही ते माहीत आहे.

आधी घराचे. आबांच्या खोलीवरची कौले पावसाळ्यापूर्वी फिरवून घेतली. विहिरीला पाणी चांगले आहे. घेणारे गृहस्थ दोनदा येऊन पाहून गेले. माणूस बरा वाटला. मागच्या पडवीत भाताची पोती ठेवीन म्हणाला. ठेवू दे.

आता कालचे. कमळाकर घरी गेला, कुलूप पाहिले, शेजारी विचारले आणि दिवाळ्याला आला. आला तो थेट पुतळाबाईंच्या ओट्यापुढे. या पुतळाबाई म्हणजे जयदेव कोळ्याची आई. माझ्याहून वर्षादोन वर्षांनी लहान, आवाजाने माझ्या दुप्पट. मी गाठ ओढत होते, तेव्हा बोलता येईना.

"अक्का, हे काय?" कमळाकर म्हणाला.

"जरा दम धरा, पावनं," पुतळाबाई म्हणाल्या. "बाईंच्या तोंडातला दोर सुटला का बोलतील. सकालपासून आमी त्यो तोंडांत जावाची वाट बगतो. तेवराच वेल गप असतात."

जयदेवची बायको गोजरा हसून मागे कलंडली. कमळाकरला बसायला पाट दिला, तर तो आधी झटकून मग बसला. चहा दिला, तर म्हणे नुकताच घेतला. कुठे घेतला? खाडीत? मी त्याला तिथेच विचारले आणि चहा प्यायला लावला.

तू विचारशील, अक्का तिथे गेलीच कशाला. भांडायला गेले होते. शाळेच्या नोकरीतून सेवानिवृत्त होऊन इथे राहायला आले त्या वर्षी जयदेवची मुलगी काशी शाळेत जाईनाशी झाली. गावच्या मास्तरांनी मला सांगितले. मुलगी हुशार होती. मी जाऊन पुतळाबाईंना चांगले सुनावले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "धारते ना शालंत. पन तिच्या वाटचं गल कोन बांधील? तुमी?"

मी म्हटले, "बांधीन." आणि खाली बसले. दुसरे काय करणार होते?

काम असे आहे. एका मूळ दोराला थोड्या थोड्या अंतरावर आखूड फांद्या बांधायच्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला गळ. गळाला कोंबड्याची पांढरी पिसे आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, म्हणजे पाण्यात छोटी मासळी चमकल्यासारखी दिसते. होडी थांबवून मासे धरायचे असतील तर दोराच्या तळाला शिसे लावतात, दोर सरळ खाली सोडतात आणि हाताने हलके झटके देत खालीवर खेळवतात. होडी सावकाश वल्हवत दोर मागून ओढत न्यायचा असेल तर गळ कमी, आणि मध्ये एक फिरती कडी, नाहीतर दोराला पीळ बसतो. एवढेच. पण हे एवढेच सुबक करायला मला एक हंगाम गेला.

माझी पहिली गळांची माळ जयदेवने मोठ्या आशेने नेली. मी फांद्या चांगल्या लांब ठेवल्या होत्या, दिसायला डौलदार. संध्याकाळी त्याने ती आणून माझ्या मांडीवर ठेवली. सगळे गळ एकमेकांत अडकून त्यांचा गोळा झालेला. "बाई, मासली नाय घावली," तो म्हणाला, "पन आयेच्या आंबाऱ्याला गंगावन झालं." अंबाड्यात घालायचे खोटे केस असतात, तशीच ती दिसत होती. फांदी दोन गळांमधल्या अंतरापेक्षा पुष्कळ आखूड हवी, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. ती माळ गोजराने दाराच्या खुंटीला टांगून ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. काल कमळाकरलाही दाखवली.

मग गेल्या वर्षी तंगूस आला. म्हणजे नायलॉनचा दोरा, काचेसारखा, पाण्यात दिसतच नाही. जयदेवने भाऊच्या धक्क्यावरून हौसेने आणला. आम्ही सगळ्याजणींनी सुती दोराच्याच गाठी त्याला मारल्या आणि त्या सगळ्या सुटल्या. गळ लागायचा, मासा ओढायचा आणि दोर रिकामा वर यायचा. पुतळाबाई म्हणाल्या, "फेक त्यो काचंचा दोरा, आमचा सुताचा बरा हाय." जयदेव म्हणाला, "आता सगला धक्का ह्याच्यावं चालला, आमी मागं ऱ्हावाचं?"

त्यावरून दोन दिवस मायलेक एकमेकांशी बोलले नाहीत; त्या घरात मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. मला ती सोसवेना. थोडा तंगूस घरी आणला, गाठी मारल्या आणि पडवीच्या वाशाला पाण्याची बादली टांगून पाहिली. दोन वेढ्यांची गाठ सुटते. पाच वेढे घेतले तर सुटत नाही, पण कोरडी ओढली की तुटते. पडवीत चिखल झाला. दुसऱ्या दिवशी बादली घेऊन तिकडेच गेले. पुतळाबाईंनी सुईत दोरा ओवताना करतात तशी गाठ जिभेला लावली आणि सावकाश ओढली. बादली तशीच लटकत राहिली. गोजरा तिला लोंबकळायलाच निघाली होती, मी दटावले.

तेव्हापासून गाठ ओली करूनच ओढायची. पाण्याची वाटी ठेवून पाहिली, पण दोन्ही हात गुंतलेले असतात, तोंडच सोयीचे. कमळाकरला धक्का बसला तो एवढाच. तंगूस नवा होता, माशाला लागलेला नव्हता, हे त्याला सांग. नसता तरी मी धरला असता, हे सांगू नकोस.

त्यानंतरच्या आठवड्यात जयदेवने घारापुरीच्या बाजूला मोठा जिताडा धरला. माळ माझ्या हातची होती. पुतळाबाईंनी केळीच्या पानात झाकून एक तुकडा पाठवला आणि निरोप, "बाई खात नाय म्हायती हाय. नुसता बगून परत धारा."

मी परत पाठवला नाही.

आई असती तर काय म्हणाली असती, याचा विचार मी जेवल्यानंतर केला. सुमित्राला हे वाचून दाखवायचे की नाही ते तू ठरव.

वामन, आता मुद्द्याचे. वर्षभर मी सही लांबवली. तू समजलास, अक्काचा आबांच्या घरात जीव अडकला आहे, म्हणून तू रागावला नाहीस, घाई केली नाहीस. तुझा हा चांगुलपणा मला टोचत होता. माझा जीव त्या घरात नाही. सात खोल्यांत एक बाई, तिन्हीसांजेला कुठल्या खोलीत दिवा लावायचा याचाच विचार करत बसते. पण घर विकले की बेलापुरात राहायला मला काही निमित्त उरले नसते. तू प्रेमाने पुण्याला ये म्हणाला असतास आणि मला नाही म्हणता आले नसते.

काशी जूनपासून ठाण्याला मामाकडे राहून शिकते. तिच्या वाटचे गळ बांधायचे कारणही तेव्हाच संपले. तरी मी रोज जाते आहे. पुतळाबाईंनी एका शब्दाने विचारले नाही. दिवाळी झाल्यावर मात्र म्हणाल्या, "मागली खोली जाल्यांनी भरली हाय. जालीं ओटीवं काडते. तुमचा पलंग मावंल, कपाट नाय मावाचं."

मी म्हटले, "कपाटाचे मला काय करायचे आहे?"

"मग भांडाला कवा येता?" त्या म्हणाल्या.

मी भाडे देणार आहे. त्यावरून आमचे भांडण अजून मिटलेले नाही, आणि मिटायची मला घाईही नाही. मला वासाची सवय झाली आहे. माझे बोलणे तिथे कोणाला कडक वाटत नाही. उलट, हळू बोला बाई ऐकू येत नाय, असे म्हणतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे कोणी म्हटले नव्हते.

सुमित्राने माझ्यासाठी माडीवरची खोली रंगवून घेतली, हे कमळाकरने सांगितले. तिला म्हणावे, ती खोली थोरलीला अभ्यासाला दे. खिडकी पूर्वेची असेल तर टेबल डाव्या हाताला उजेड येईल असे ठेव. मी मे महिन्यात येऊन राहीन आणि अभ्यास झाला की नाही ते बघेन.

लोक काय म्हणतील हे तू लिहू नकोस. ते कमळाकर दोन दिवस म्हणतो आहे आणि त्याने चांगले म्हटले आहे. रागावलास तर मात्र स्वतः ये. बोलून रागाव. बंदरापासून कोणालाही विचारले तरी ओटा दाखवतील.

थंडीत कानाला रुमाल बांधत जा.

तुझी,
अक्का
मु. दिवाळे, जयदेव कोळ्यांच्या घरी

कमळाकरच्या हाती दिले: माझ्या सहीचा विक्रीचा कागद. पुढच्या दाराची आणि आबांच्या खोलीची किल्ली. देवघरातले देव, लाल फडक्यात बांधून. अन्नपूर्णा सगळ्यात वर आहे, सांभाळून काढावी. आबांचा चष्मा. पलंग आणि माझे कपडे मी आजच दिवाळ्याला नेले. त्या घरातले आता माझ्याकडे काही बाकी नाही.